मॅसीच्या मागच्या एक्सलचं ऑइल सील बदलताना

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला, पुसला, हार घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर डाव्या चाकाखाली, सारवलेल्या अंगणात, बशीएवढा काळा डाग. चाकाच्या आतल्या अंगानं हात फिरवला तर चारी बोटं तेलानं माखली. पंधरा-वीस दिवसांत साखर कारखान्याचा बॉयलर पेटणार, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरणार आणि मग ट्रॅक्टरला मार्च-एप्रिलपर्यंत उसंत नाही. हे काम उरकायचं तर याच दिवसांत.

मी लिहितोय ते आमच्या घरच्या मॅसी १०३५ वरून. ही घडण मूळची फर्ग्युसनची. १९५६ ला कोव्हेंट्रीत एफई-३५ निघाला, १९५७ च्या शेवटाला तो लाल रंगात मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. आपल्याकडं चेन्नईच्या टाफे कंपनीनं (स्थापना १९६०) तीच जात पुढं चालवली. आमच्या कोल्हापुरात शिरोळ, करवीर, कागल, कुठंही जा, आजोबांच्या काळातला एखादा मॅसी अजून ट्रॉली ओढताना दिसतोच. मॉडेल आणि सालाप्रमाणे सुट्या भागांत बारीकसारीक फरक आहेत, त्यामुळं दुकानात जाताना चॅसिस नंबर आणि जुनं सील दोन्ही खिशात असू द्या.

सील म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टभोवती तेल अडवून धरणारी रबरी ओठाची कडी. ते गळतंय म्हणून तेल वाया जातं, हा यातला सगळ्यात छोटा तोटा. या ट्रॅक्टरचे मागचे ब्रेक कोरडे, ड्रममधले. आणि सील बसतं ते नेमकं ड्रमच्या पोटात. म्हणजे गळती लागली की पहिला बळी ब्रेक लायनरचा (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर). एका बाजूचा लायनर तेलकट झाला की पेडल दाबल्यावर ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला ओढतो. शेतात हे चालून जातं. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि पुढं उतार असला की काय होतं, ते हंगामात रस्त्याकडेला उलटलेल्या ट्रॉल्या बघून कळतं.

आधी तेल कुठून येतंय ते ठरवा

चाकापाशी दिसलेलं प्रत्येक तेल सीलचं नसतं. अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्या आडव्या शाफ्टचा ओ-रिंग गेला की तेल ट्रम्पेटवरून (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियल गिअरपासून चाकापर्यंत जाणारं बीडाचं हाऊसिंग, त्याला गॅरेजात ट्रम्पेटच म्हणतात) ओघळत ओघळत चाकाकडं येतं आणि ब्रेक प्लेटच्या खालच्या टोकाला ठिबकतं. बघणारा म्हणतो सील गेलं. ट्रम्पेट आणि मधल्या हाऊसिंगच्या जोडावरचं पॅकिंग गेलं तरी तसंच दिसतं. म्हणून आधी सगळा भाग डिझेलनं धुवा, कोरडा पुसा आणि ट्रम्पेटवर, जोडावर, ब्रेक प्लेटवर खडूची पूड नाहीतर कोरडा चुना भुरभुरा. तासभर ट्रॅक्टर चालवा, लिफ्ट चार-दोन वेळा वरखाली करा. चुना जिथं पहिल्यांदा भिजला, गळती तिथली.

ब्रेक दांड्यांनी चालणारे आहेत, ब्रेक ऑइल हा प्रकारच नाही. तेव्हा ड्रमच्या आतून जे ओलं येतंय ते एक्सलचं तेल, बेअरिंगचं वंगण किंवा नुसतं पाणी, यातलंच काहीतरी. वास घ्या. गिअर तेलाचा गंधकासारखा उग्र वास लपत नाही. तेलाचा रंग दुधाळ चहासारखा असेल तर आत पाणी गेलंय, आणि तेव्हा नुसतं सील बदलून भागणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांचे ट्रॅक्टर पाण्यात उभे होते त्यांनी तर सीलबरोबर बेअरिंगही उघडून बघावं. पुराची गाळवट माती सीलच्या ओठाला पॉलिश पेपरसारखी खाते.

आता माझी फजिती. पहिल्या वेळी मी चुना-बिना काही केलं नाही. दुकानातून सील आणलं, रविवारी चाक काढलं, सील ठोकलं, संध्याकाळी चाक बसवून मिशीला पीळ दिला. बाराव्या दिवशी पुन्हा तेल. पुन्हा चाक काढलं आणि शाफ्ट खांद्यावर टाकून कोल्हापूरचं उद्यमनगर, म्हणजे लेथ-गॅरेजांची वसाहत, गाठलं. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शाफ्ट हातात घेतला, सील जिथं घासतं तिथं अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. नख अडकलं. मला म्हणाले, "आण्णा, सील मेलं न्हाई, मारलंय त्येला. आधी मारणारा हुडका." पुढचं सगळं त्या एका वाक्यावर आहे.

मारणारे चौघे

पहिला, ब्रीदर. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट या तिन्हींचं तेल या ट्रॅक्टरात एकच. ते तापलं की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर चिखलानं, धुळीनं बुजला की तीच हवा तेलाला सीलमधून ढकलते. चिखलणीला उतरणाऱ्या ट्रॅक्टरचा ब्रीदर तर हमखास बुजलेला. मॉडेलप्रमाणे त्याची जागा बदलते. गिअर लिव्हरच्या आसपास आणि लिफ्ट कव्हरवर शोधा. काढा, पेट्रोलमध्ये बुडवा, फुंकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कधी कधी एवढ्यावरच गळती थांबते.

दुसरा, तेलाची पातळी. लिफ्ट हळू चालते म्हणून वरून आणखी दोन लिटर ओतायची खोड पुष्कळांना असते. जादा तेल ट्रम्पेटमध्ये शिरतं आणि बांधाच्या कडेनं तिरका चालणारा ट्रॅक्टर ते थेट सीलवर नेतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून डिपस्टिकनं पातळी बघा.

तिसरा, बेअरिंग. मागची बाजू जॅकवर घेऊन चाक वरखाली हलवा. टायरखाली पहार घालून उचला म्हणजे नीट कळतं. शाफ्टला आतबाहेर किंचितसा खेळ असतोच, पण वरखाली कटकट जाणवली तर बेअरिंग गेलंय. शाफ्ट असा डुलत असेल तर जगातलं कुठलंही सील टिकणार नाही, कारण ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडा पडतो.

चौथा, शाफ्टवरची खाच. माझा गुन्हेगार तोच होता. रबराचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहतो, त्यात माती शिरते आणि पोलादाला चर पडतो. रबरानं लोखंड कापलेलं बघायचं असेल तर जुन्या मॅसीचा शाफ्ट बघा.

आत काय आहे

काम सुरू करण्याआधी चित्र डोक्यात हवं. हाफ शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला चाक बसायचा फ्लँज, आतल्या टोकाला दाते. ते दाते डिफरन्शियलच्या गिअरमध्ये जातात. फ्लँजकडून आत येत गेलं की ब्रेक प्लेटच्या जागी बेअरिंगचा होल्डर लागतो, त्यात बाहेरचं सील. मग टेपर बेअरिंग. मग बेअरिंगला जागेवर धरणारी पोलादी कॉलर, शाफ्टवर तापवून चढवलेली. त्याच्याही आत, ट्रम्पेटच्या तोंडात, आतलं सील. आतलं सील डिफरन्शियलचं तेल बेअरिंगपर्यंत येऊ देत नाही आणि बाहेरचं सील बेअरिंगपाशी जे काही आहे ते ड्रममध्ये जाऊ देत नाही. ड्रममध्ये गिअर तेल आलं म्हणजे दोन्ही सीलं कामातून गेलीत. एकच बदलून पैसे वाचवायला जाऊ नका. सीलची जोडी दोन-चार मिसळींच्या पैशात येते, चाक काढायची मजुरी त्याहून जड.

यातली मेख कळली का? आतलं सील शाफ्ट ओढला की हाताशी येतं. बाहेरचं सील मात्र बेअरिंग आणि कॉलर काढल्याशिवाय सुटत नाही. म्हणून निम्मं काम घरी आणि निम्मं प्रेस असलेल्या गॅरेजात, हे आधीच धरून चाला.

ट्रॅक्टर उचलणं

इथं घाई करणाऱ्याला मी माझ्या अंगणात उभा करणार नाही. पावणेदोन टनांच्या आसपासचा ऐवज आहे. जागा सपाट आणि कडक हवी. कालच पाणी पाजलेल्या जागेत जॅक रुततो. पुढच्या दोन्ही चाकांना आगून-मागून दगड नाही, लाकडी ओट लावा. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवा. ज्या बाजूचं काम नाही, त्या मागच्या चाकालाही ओट.

आता एक गोष्ट, जी पुष्कळ जण करत नाहीत. मॅसीचा पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डुलतो. मागचं एक चाक काढलं की ट्रॅक्टर तीन पायांवर येतो आणि पुढचा भाग त्या पिनेवर कलंडू शकतो. पुढच्या एक्सल आणि त्यावरच्या बीडामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी घट्ट ठोका. बाभळीच्या असतील तर उत्तम.

चाकाचे आठही नट जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा-एक आटा ढिले करून घ्या. नंतर चाक हवेत फिरत राहतं आणि पाना काही हलत नाही. मग पाच टनी जॅक ट्रम्पेटखाली, आणि उचलल्यावर घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) मधल्या हाऊसिंगच्या जवळ, म्हणजे ट्रम्पेटचं बाहेरचं टोक मोकळं राहतं. जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली डोकं घालायचं नाही. घोडी नसेल तर रेल्वेच्या स्लीपरचे तुकडे आडवे-उभे रचा. विटा नकोत. भाजलेली वीट चिरते तेव्हा सांगून चिरत नाही.

तेल सगळं काढायची गरज नसते. तीसेक लिटर तेल कशाला ओतायचं? काम असलेली बाजू उंच ठेवली की तेल दुसऱ्या बाजूला सरकतं. खाली एक घमेलं ठेवा, शाफ्ट ओढताना थोडं सांडतंच. तेल दुधाळ असेल किंवा तळाला गाळ असेल तर मात्र सगळं काढा.

चाक

टायरमध्ये पाणी भरलेलं आहे का, हे आधी आठवा. १२.४-२८ च्या टायरमध्ये पाऊण भरला तर दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे चाकाच्या वजनात जवळपास दीड क्विंटलची भर. व्हॉल्व्ह खाली घेऊन पाणी काढून टाका. पाणी न काढता चाक ढकलणारे पैलवान आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत, पण कंबर एकदा गेली की तालीम सुटते.

चाकाखाली एक फळी सारा, तिच्यावर थोडं ग्रीस लावा, जॅक एवढाच ठेवा की टायर फळीला जेमतेम टेकेल. दोघं जण असले की चाक फळीवरून सरळ बाहेर सरकतं. काढलेलं चाक गोठ्याच्या भिंतीला टेकवून सोडू नका. आडवं पाडा, नाहीतर खांबाला दोरखंडानं बांधा. अंगणात पोरं असतात.

ड्रम आणि ब्रेक

ब्रेकचा अॅडजस्टर आधी पूर्ण ढिला करा, म्हणजे शू आत जातात. ड्रमला फ्लँजवर दोन चपट्या डोक्याचे स्क्रू असतात, तेवढेच. ते गंजून जाम झालेले असतात. डिझेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोड्याचा एक कडक ठोका. पेचकसानं ओरबाडत बसलात तर डोकं गोल होतं आणि मग ड्रिल मारावं लागतं.

ड्रम सुटल्यावर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. जुन्या लायनरात अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं फेकून द्या. मग स्प्रिंगा आणि शू काढायच्या आधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक समोरून, एक वरून. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती यावर सख्ख्या भावांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

लायनर तेलकट असेल तर तो गेला म्हणून समजा. रॉकेलनं धुतला, उन्हात वाळवला, काहींनी तर जाळूनही बघितला. वरवर कोरडा दिसतो, पण तापला की पोटातलं तेल परत वर येतं. नवीन लायनर रिव्हेट मारून घ्या, आणि दोन्ही चाकांचे एकदम. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवलात तर ट्रॅक्टर पुन्हा एका बाजूला ओढणार, मग गळती थांबवून मिळवलं काय?

शाफ्ट ओढणं

ब्रेकची दांडी सोडवा, होल्डर आणि ब्रेक प्लेट ट्रम्पेटला धरणारे नट काढा. शाफ्ट लगेच येईल असं नाही. जुन्या फिटरांची एक युक्ती आहे. ड्रम उलटा करून स्टडवर चढवायचा, नट तीन-चार आटे सैल लावायचे आणि दोन्ही हातांनी ड्रम आपल्याकडं झटका देत आपटायचा. ड्रमचं वजनच घणाचं काम करतं. मात्र ड्रम बीडाचा आहे, हलक्या हातानं आपटा. चार-सहा ठोक्यांत हलला नाही तर प्लेटच्या कडेला तिरकी छिन्नी चौफेर थोडी थोडी मारून जोड सोडवा.

शाफ्ट सुटू लागला की दुसरा माणूस हाताशी असू द्या. दाते ट्रम्पेटमधून बाहेर पडताना सगळं वजन एकदम हातावर येतं. आणि आता लक्ष द्या, जोडामध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतील. कुठल्या बाजूच्या, किती, त्या मोजा, तारेत ओवा आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवा. शाफ्टचा आडवा खेळ या शिमच धरतात. एखादी शिम ड्रमच्या घाणीबरोबर उकिरड्यावर गेली की पुढचे सगळे कष्ट वाया.

उद्यमनगरातलं काम

घरी प्रेस असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर शाफ्ट पोत्यात गुंडाळून शिवाजी उद्यमनगरात न्या. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून त्या गल्ल्यांत लेथ आणि प्रेस चालू आहेत, कॉलर काढणं त्यांना नवीन नाही. पण समोर उभं राहून बघा. कॉलर काढायची योग्य रीत अशी: कॉलरला ड्रिलनं भोक पाडायचं, शाफ्टपर्यंत पोचायच्या आत थांबायचं आणि त्या भोकावर छिन्नीचा ठोका देऊन कॉलर फोडायची. गॅसनं कापायला निघालेल्या माणसाच्या हातातून शाफ्ट काढून घ्या. शाफ्ट तिथं तापला तर त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि मग तो कधीतरी भरल्या ट्रॉलीखाली तुटतो. ठोका देताना डोळ्याला गॉगल हवा, कडक पोलादाचा कपरा गोळीसारखा उडतो.

फोडलेली कॉलर परत वापरायची नाही, नवीनच लागते. बेअरिंग आणि त्याचा कप दोन्ही धुऊन उजेडात बघा. रुळावर किंवा कपात ठिपके, निळसर छटा, चरे, काहीही दिसलं तर दोन्ही एकत्र बदला. जुना कप आणि नवं बेअरिंग अशी सोयरीक करू नका.

खाचेचं काय करायचं? नख जेमतेम लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी शाफ्टभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेनं कधीच घासायचं नाही, त्या रेघांतूनच तेल वाट काढतं. नख अडकत असेल तर दोन उपाय आहेत. एक, नवं सील त्याच्या घरात (ज्या खोबणीत ते बसतं तिथं) पूर्ण तळाशी न बसवता दोन-तीन मिलिमीटर मागं-पुढं बसवायचं, म्हणजे ओठ चांगल्या जागेवर येतो. त्यासाठी सीलच्या घरात तेवढी जागा हवी, आणि सील चौफेर सारखं बसायला हवं. दुसरा, शाफ्टवर स्टीलची पातळ स्पीडी स्लीव्ह चढवायची. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळं सीलचं माप बदलावं लागत नाही. माझ्या शाफ्टला मिस्त्रींनी स्लीव्हच घातली. वेल्डिंगनं भरून लेथवर काढायचा तिसरा मार्ग आहे, पण हाफ शाफ्टवर मी तो करू देणार नाही.

आता चढवायचा क्रम. आधी होल्डर, त्यात नवं बाहेरचं सील बसवलेलं. मग बेअरिंग. शेवटी तापवलेली कॉलर, आणि ती थंड होऊन आवळेपर्यंत बेअरिंगला टेकवून दाबून धरायची. होल्डर घालायचा विसरून कॉलर चढवलेले महाभाग आहेत. त्यांना दुसरी कॉलर आणावी लागते. ब्रेक प्लेट शाफ्टबरोबर निघाली असेल तर तीही आपल्या जागी आधी घालायची. सुटतानाचा फोटो इथं कामाला येतो. कॉलर तापलेली असताना सीलच्या ओठाला झळ लागू देऊ नका, ओलं फडकं गुंडाळा. बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना तळहातावर गोळा घेऊन रुळांच्या मधून दाबत भरा. वरून फासलेलं ग्रीस आत जात नाही.

सील बसवणं

सीलवर माप छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिलिमीटरमध्ये. जुन्याशी जुळवून घ्या. साधं नायट्राइल रबर या कामाला पुरतं. दोन ओठांचं मिळालं तर घ्या, छोटा ओठ बाहेरची धूळ अडवतो. दोन ओठांच्या मधल्या खाचेत थोडं ग्रीस भरा.

दिशा चुकू नये. आतल्या गोल स्प्रिंगची बाजू तेलाकडं. आतल्या सीलची स्प्रिंग डिफरन्शियलकडं, बाहेरच्या सीलची बेअरिंगकडं. मी लोकांना सांगतो, स्प्रिंग दिसली ती बाजू ट्रॅक्टरच्या पोटात.

ट्रम्पेटमधलं जुनं सील काढताना सीलच्या घराला चरे पाडू नका. पडलाच तर बारीक कानशीनं कडा मोडा. घर पुसून कोरडं करा. आत हात घालून ट्रम्पेटच्या तळाचा गाळही फडक्यानं काढा, नाहीतर नव्या सीलला तोच पहिला नाश्ता. नवं सील तेलात बुडवून घ्या. बसवताना थेट हातोडा नको. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा नाहीतर सपाट लाकडी ठोकळा धरा आणि घड्याळाच्या बारा, सहा, तीन, नऊ असे हलके ठोके द्या. कान देऊन ऐका. तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बद्द होतो.

यापुढची दोन मिनिटं सगळ्यात नाजूक. शाफ्टचे दाते आतल्या सीलमधून पार व्हायचे आहेत, आणि दात्यांच्या कडा ओठाला ब्लेडसारख्या लागतात. दात्यांवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, वर ग्रीस लावा. पट्टी कागदी नको, फाटून आत राहते. दुसरी चांगली सोय म्हणजे पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीची नळी करून सीलमध्ये घालायची, शाफ्ट त्यातून सरकवायचा आणि दाते पार झाले की नळी मागं ओढून काढायची. पट्टी लावली असेल तर दाते डिफरन्शियलमध्ये शिरायच्या आत ती काढायची आहे, पण तिथं हात पोचत नाही. म्हणून मी नळीच वापरतो. एकजण फ्लँज उचलून धरतो, दुसरा सरळ रेषेत आत ढकलतो. शाफ्टचं वजन क्षणभरही सीलवर टेकवायचं नाही. दाते जुळले नाहीत तर फ्लँज थोडा फिरवा, ढकलू नका.

जोडाचे दोन्ही चेहरे पुसून पातळ सीलंट लावा, शिम होत्या तशाच घाला. जाड सिलिकॉन थापणं म्हणजे न मोजता एक शिम वाढवणं. नट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळत या. मध्ये मध्ये फ्लँज हातानं फिरवून बघा. जड झाला तर थांबा, काहीतरी अडकलंय. बेअरिंग नवं घातलं असेल तर जुन्या शिमवर विसंबू नका. डायल गेज लावून खेळ मोजा आणि आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्यात आणा. डायल गेज उद्यमनगरातून तासाभरासाठी मिळतं.

परत जोडणी

शू, स्प्रिंगा, ड्रम, चाक. ड्रमच्या आत बोटाचाही तेलकट ठसा नको, पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. अॅडजस्टर चाक थांबेपर्यंत आवळा आणि मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागं घ्या. दोन्ही बाजूंना सारखं. ट्रॅक्टर खाली उतरल्यावर नट पुन्हा समोरासमोरच्या क्रमानं आवळा. पुढच्या एक्सलच्या पाचरी काढायला विसरू नका, मी एकदा त्यासकट बांध ओलांडायला गेलो होतो.

तेल सपाट जागी अर्धा तास निथळू द्या, मगच डिपस्टिक बघा. कमी असेल तर तेच, लिफ्टला चालणारं ट्रान्समिशन तेल घाला. गळती कमी होईल म्हणून जाड १४० नंबरचं तेल ओतणारे भेटतात. लिफ्ट आजारी पडते आणि गळती तर होतीच.

पहिली चाचणी रिकाम्या रानात. दोन्ही पेडल जोडणारी कडी लावून, हळू वेगात ब्रेक दाबा आणि मातीतल्या चाकोऱ्या बघा. दोन्ही खुणा सारख्या लांबीच्या आल्या तर अॅडजस्टमेंट बरोबर. ट्रॉली जोडून रस्त्यावर दुसऱ्या दिवशी, आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या त्यानंतर. दहा तास काम झालं की चाकाचे नट पुन्हा आवळायचे. ब्रेक प्लेटच्या खालच्या टोकाला परत चुना भुरभुरून ठेवायचा, आठवडाभर तो पांढरा राहिला पाहिजे.

मडगार्डच्या आतल्या अंगाला मी ऑइलपेंटनं तारीख, सीलचं माप आणि शिमची संख्या लिहून ठेवतो. आमच्या डाव्या मडगार्डवर दोन तारखा आहेत, पंधरा दिवसांच्या अंतरानं. उजव्यावर एकच आहे.